कामाचे ठिकाण आणि राहण्याची वसाहत : जावळीच्या स्थलांतराचा एक अभ्यास

सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याचे मुख्य ठिकाण मेढा. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी वेण्णा नदी केळघरच्या बाजूने मेढ्यापाशी येते आणि पुढे कण्हेर धरणातून वाट काढीत माहुली येथे कृष्णेस मिळते. या नदीच्या दोन्ही अंगांच्या डोंगरउतारांवर भात, नाचणी व वरी यांची शेती आहे. कुडाळच्या बाजूस जमीन अधिक सुपीक आणि पाण्याची सोय बरी आहे. परंतु तालुक्याचा पश्चिम भाग अतिपावसाचा, चढउताराचा व तुटपुंज्या जमिनीचा आहे. पावसाळ्यात पाण्याचे लोंढे आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची वणवण, असा तेथील दुहेरी निसर्ग आहे. त्यामुळे ‘मुंबईला असलेला माणूस’ हा या खोऱ्यातील कुटुंबाचा पिढ्यान् पिढ्यांचा आधार ठरला आहे.

गाव सोडावे की सोडू नये, या प्रश्नाचा खल घरोघर होतो. नोकरी कोणती, पगार किती, ओळख कोणाची, याचीही चौकशी होते. मात्र कामासाठी गेल्यावर राहावयाचे कोठे, हा प्रश्न बहुधा शेवटी ठेवला जातो आणि ‘तेथे गेल्यावर पाहू’ या तीन शब्दांत त्याचा निकाल लावण्यात येतो. प्रत्यक्षात मिळकतीचा किती भाग हाती उरावा, मुलांचे शिक्षण कसे व्हावे, आजारपणात धावून कोणी यावे आणि गावाशी नाते किती टिकावे, हे बऱ्याच अंशी राहण्याच्या जागेवरून ठरते. जावळीच्या स्थलांतराचा इतिहास पाहिला असता या गोष्टीचा उलगडा चांगला होतो.

खोरे सोडण्याची कारणे

डोंगरी शेतीची मर्यादा हे स्थलांतराचे पहिले कारण होय. दुसरे कारण कोयना प्रकल्पाचे आहे. कोयनेवरील धरणाच्या शिवसागर जलाशयाचे पाणी बामणोली व तापोळा या भागांपर्यंत पसरले आणि नदीकाठची सुपीक जमीन त्याखाली गेली. अनेक कुटुंबांचे पुनर्वसन दूरच्या जिल्ह्यांत झाले, तर अनेकांनी वरच्या उतारांवर घरे बांधून मागे राहणे पसंत केले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी राज्याने स्वतंत्र कायदा केला तो १९७६ साली, म्हणजे कोयनेचे पाणी अडल्यानंतर बऱ्याच वर्षांनी. मधल्या काळात मागे राहिलेल्या घरांतील तरुणांना मुंबईचीच वाट धरावी लागली.

पुरुष बाहेर आणि बायकामुले गावी, अशी विभागलेली कुटुंबे हा या स्थलांतराचा परिणाम होय. २०११ च्या जनगणनेत राज्यात दर हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया आढळल्या. सातारा जिल्ह्यात हे प्रमाण ९८८ आणि मुंबईशी असाच जुना संबंध असलेल्या रत्नागिरी जिल्ह्यात ११२२ होते. कमावता पुरुष कोठे राहतो आणि त्याचे कुटुंब कोठे राहते, या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी असल्याची ही एक खूण आहे. स्थलांतरिताने निवडलेली वसाहत कुटुंबाला सामावून घेण्याजोगी असेल, तरच ही उत्तरे एक होऊ शकतात.

पहिली निवड : गावकीची खोली

गिरणी, गोदी आणि बाजारपेठ ही जुन्या मुंबईतील रोजगाराची तीन प्रमुख क्षेत्रे होती. परळ, लालबाग, वरळी, शिवडी या भागांत गिरण्या. मशीद बंदर व दाणाबंदर येथे धान्य, मसाला आणि कांदा-बटाटा. भायखळ्यास भाजी व क्रॉफर्ड मार्केटला फळे. घाटावरून येणारा तरुण यांपैकी एका ठिकाणी कामास लागे आणि गावकीच्या खोलीत उतरे. एका लहान खोलीत वीस-पंचवीस गाववाले राहत. पाळीप्रमाणे काही कामावर, तर काही झोपेत, अशा रीतीने तीच जागा दिवसरात्र वापरली जाई. भिंतीच्या खुंटीला एक पिशवी आणि फळीवर एक ट्रंक, एवढाच प्रत्येकाचा संसार. जेवणाची व्यवस्था खानावळीत असे. घरगुती खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना संघटित करण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली, यावरून ही व्यवस्था किती विस्तृत होती याची कल्पना येते.

गावकीच्या खोलीकडे आज केवळ दाटीवाटीचे उदाहरण म्हणून पाहणे योग्य होणार नाही. तिच्यात तीन मोठे गुण होते. काम पायी जाण्याच्या अंतरावर होते. नवागताला भाडे, अनामत वा ओळखपत्र यांवाचून आसरा मिळत होता. आणि आजारपण, मृत्यू किंवा बेकारी आली असता गावकी पाठीशी उभी राहत होती. तिचा मोठा दोष असा की, तेथे कुटुंब आणता येत नव्हते. त्यामुळे माणूस तीस वर्षे मुंबईत राही आणि तरीही मुंबईत त्याचे घर नसे.

बाजार हलला आणि घरही हलले

डोक्यावर व पाठीवर ओझी वाहणाऱ्या कामगारांना पूर्वी ना ठरलेला मालक होता, ना ठरलेला पगार. साताऱ्याच्याच पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळे गावचे अण्णासाहेब पाटील यांनी या कामगारांना संघटित केले. त्यांच्या चळवळीतून १९६९ चा महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा अस्तित्वात आला. माथाडी मंडळाकडे नोंदणी, मंडळामार्फत मजुरीचे वाटप, भविष्य निर्वाह निधी आणि उपदान या गोष्टी त्यामुळे शक्य झाल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरण्यांतील रोजगार ओसरत गेला, तेव्हा जावळी व पाटणच्या अनेक कुटुंबांना माथाडी कामाचाच आधार उरला.

याच सुमारास मुंबईच्या नकाशावर एक मोठा बदल घडत होता. खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, अशी कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ साली मांडली होती. नुसती घरे बांधून भागणार नाही, घरांबरोबर कामही तेथे गेले पाहिजे, हा त्या कल्पनेचा गाभा होता. इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड यांनी १८९८ साली उद्याननगराचा विचार मांडला आणि १९०३ पासून लेचवर्थ येथे तो प्रत्यक्षात येऊ लागला. त्याचेही सूत्र घर आणि काम जवळ आणावे हेच होते. राज्य शासनाने १९७० मध्ये सिडकोची स्थापना केली आणि नव्या मुंबईची उभारणी हाती घेण्यात आली.

घाऊक बाजारांच्या स्थलांतराने हे सूत्र माथाडी कामगारांच्या बाबतीत खरे ठरविले. कांदा-बटाट्याचा बाजार १९८१ मध्ये तुर्भे-वाशी परिसरात आला. १९९० नंतर मसाला व धान्य यांचे बाजार आले आणि १९९६ साली भाजीपाला व फळे यांचे बाजार त्यांस येऊन मिळाले. लोखंड-पोलादाचा बाजार कळंबोलीस गेला. प्रारंभी कामगार जुन्या मुंबईतून किंवा घाटकोपरसारख्या उपनगरांतून ये-जा करीत. वाशीपर्यंत लोकल गाडी धावू लागली ती १९९२ मध्ये. ठाणे आणि वाशी यांना जोडणारा मार्ग २००४ मध्ये सुरू झाला. तोपर्यंत खाडीपूल आणि बस हाच आधार होता. पुढे कोपरखैरणे, घणसोली, कामोठे इत्यादी वसाहतींत माथाडी कुटुंबे स्थिरावली. गावकीच्या खोलीत जे शक्य नव्हते ते येथे घडले. गावाकडील पत्नी, मुले व क्वचित वृद्ध आईवडील एका छपराखाली आले.

कसोटी पहिली : अंतर नव्हे, वेळ

या इतिहासातून निघणारा पहिला धडा असा की, वसाहत निवडताना किलोमीटर मोजण्यापेक्षा कामाची वेळ पाहावी. भाजीपाल्याच्या बाजाराचे उदाहरण घेऊ. नाशिक, पुणे, सातारा या बाजूंच्या मालमोटारी रात्री येतात. माल उतरविण्याचे काम मध्यरात्रीनंतर चालते आणि उजाडेपर्यंत मुख्य व्यापार आटोपतो. लोकल गाड्या मात्र रात्री साधारण एक ते पहाटे चार या वेळात धावत नाहीत. म्हणजे दुपारी पंचवीस मिनिटांत पोहोचविणारी वसाहत रात्री दोन वाजता कामगाराच्या उपयोगाची नसते. अशा कामगाराने तुर्भे, सानपाडा, जुईनगर किंवा कोपरखैरणे या बाजारालगतच्या भागांत घर पाहणे हिताचे. उलट, दिवसा चालणाऱ्या धान्य बाजारातील किंवा कार्यालयातील कर्मचाऱ्याला रेल्वेच्या मार्गावरील काहीशी दूरची वसाहत परवडू शकते.

इटालियन अभ्यासक सेझारे मार्केटी यांनी १९९४ मध्ये असे प्रतिपादन केले की, वाहने कितीही वेगवान झाली तरी माणूस दिवसाकाठी सरासरी सुमारे एक तासच प्रवासाला देऊ इच्छितो. जाणे व येणे मिळून एक तास, हा अंदाज निवडीचा प्रारंभबिंदू म्हणून उपयुक्त आहे. ज्याचे काम अंगमेहनतीचे आहे, त्याच्या बाबतीत ही मर्यादा अधिकच काटेकोर मानावी. कारण त्याच्या झोपेतून गेलेला तास दुसऱ्या दिवशीच्या ओझ्याखाली जाणवतो.

कसोटी दुसरी : भाडे नव्हे, एकूण खर्च

कमी भाड्याचे घर नेहमीच स्वस्त असते असे नाही. उदाहरणादाखल असे समजावे की, कामाजवळील घराचे मासिक भाडे ९,००० रुपये आहे आणि दूरच्या घराचे ६,५०० रुपये. वरकरणी २,५०० रुपयांची बचत दिसते. परंतु दूरच्या घरासाठी रेल्वेचा पास व स्थानकापासूनची रिक्षा यांवर १,३०० रुपये आणि पाण्याच्या टंचाईपायी ४०० रुपये जास्तीचे लागत असतील, तर खरी बचत ८०० रुपयेच उरते. त्यासाठी रोज दीड तास जादा खर्च होत असल्यास महिन्याच्या २६ दिवसांत ३९ तास जातात. म्हणजे एका तासाच्या मोबदल्यात जेमतेम २० रुपये हाती येतात. या तासांत झोप, मुलांचा अभ्यास किंवा थोडे जोडकाम यांपैकी काय गमावले जाते, याचा विचार कुटुंबाने करावा. हे आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे एका कागदावर मांडून हीच वजाबाकी करून पाहावी.

कसोटी तिसरी : पाणी, पाऊस आणि हवा

नवी मुंबई महानगरपालिका १ जानेवारी १९९२ रोजी अस्तित्वात आली. पुढे मोरबे धरण तिच्या मालकीचे झाले. स्वतःचे धरण असलेल्या मोजक्या महानगरपालिकांत तिची गणना होते. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या वसाहती तिच्या हद्दीत येतात. कामोठे, कळंबोली व खारघर या वसाहती २०१६ साली स्थापन झालेल्या पनवेल महानगरपालिकेच्या हद्दीत असून तेथील पाणी निरनिराळ्या संस्थांच्या योजनांतून येते. उन्हाळ्यात तेथे टंचाईच्या तक्रारी होतात. म्हणून घर पाहताना पाणी किती वेळ येते, कोणत्या मजल्यापर्यंत चढते आणि टँकरचा खर्च कोण देतो, हे शेजाऱ्यांस विचारावे.

सखल जमीन भरून वसविलेल्या भागात तळमजल्याचे घर घेताना विशेष जपावे लागते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत कळंबोलीच्या सखल भागातील घरांत पाणी शिरले होते. अशा भागातील घर पावसाळ्यातच पाहावे. निदान भिंतीवरील पाण्याच्या खुणा व जुन्या रहिवाशांचे अनुभव लक्षात घ्यावेत. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आणि तळोजा येथील कारखाने यांच्या सान्निध्यातील वसाहतींत हवेचा प्रश्न आहे. दिवसा न जाणवणारा वास रात्री जाणवतो. दमेकरी वृद्ध किंवा लहान मूल घरात असल्यास एकदा रात्रीच्या वेळी त्या भागात जाऊन यावे.

कसोटी चौथी : शाळा आणि दवाखाना

कुटुंब बरोबर न्यावयाचे असेल, तर शाळा ही गोष्ट भाड्याइतकीच महत्त्वाची ठरते. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या बालकास वयानुरूप वर्गात प्रवेश मिळण्याचा आणि दुसऱ्या शाळेत बदली मागण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे. शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास विलंब झाला, एवढ्या कारणावरून नव्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही. ही गोष्ट अनेक पालकांना ठाऊक नसते आणि दाखल्याच्या प्रतीक्षेत मुलांचे महिने वाया जातात. मराठी माध्यमाची शाळा चालण्याच्या अंतरावर आहे काय, ती कोणत्या इयत्तेपर्यंत आहे आणि माध्यम बदलावयाचे असल्यास मुलाची तयारी आहे काय, हे घर ठरविण्यापूर्वी पाहिले पाहिजे.

आरोग्याची सोय हाही निवडीचा भाग आहे. कोपरखैरणे येथे माथाडी कामगारांचे रुग्णालय आहे. नोंदणीकृत कामगाराच्या कुटुंबाने या वसाहतीस पसंती देण्यामागे हे एक कारण असते. ओझे वाहण्याच्या कामात कंबर, गुडघे व मणके यांची दुखणी नेहमीची. अशा कामगारासाठी उद्वाहन नसलेल्या इमारतीतील चौथा मजला, भाडे कमी असले तरी, सोयीचा नव्हे.

कसोटी पाचवी : कागदपत्रे

या कसोटीत झालेली चूक सर्वांत महाग पडते. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून दिघा येथील अनधिकृत इमारतींविरुद्ध कारवाई करण्यात आली. औद्योगिक विकास महामंडळ व सिडको यांच्या जमिनींवर अशा सुमारे शंभर इमारती उभ्या राहिल्याचे आढळून आले होते. आयुष्याची पुंजी घालून घर घेतलेली कुटुंबे त्यामुळे एकाएकी बेघर होण्याच्या वाटेवर आली. त्यापूर्वी, ४ एप्रिल २०१३ रोजी ठाण्याजवळील शीळ-डायघर भागात काही महिन्यांत घाईने उभारलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचा मृत्यू झाला होता. स्वस्त घराची किंमत जिवानेही चुकवावी लागते, हे या घटनेने दाखवून दिले.

भाड्याचे घर घेताना करार लेखी असावा आणि त्याची नोंदणी व्हावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ यातील कलम ५५ नुसार अशी नोंदणी आवश्यक असून तिची जबाबदारी घरमालकावर आहे. ‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणीची गरज नाही’ असे सांगितले जाते. ते आपल्या राज्यात खरे नाही. अनामत रक्कम, भाडेवाढ, वीजबिल आणि घर सोडण्याची पूर्वसूचना यांचा उल्लेख करारात असावा. हाच करार पुढे बँक, शाळा व शिधावाटप कार्यालय येथे पत्त्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

घर विकत घेताना अधिक दक्षता हवी. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या नव्या प्रकल्पांची नोंदणी १ मे २०१७ पासून महारेराकडे करावी लागते. तिचा क्रमांक पडताळून पाहता येतो. बांधकामास परवानगी होती काय आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे काय, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून पैसे देऊ नयेत. सिडकोने वाटप केलेले घर असल्यास मूळ वाटप कोणाच्या नावे झाले आणि त्यानंतरच्या हस्तांतरणांची नोंद सिडकोच्या दप्तरी आहे काय, हे पाहावे. केवळ कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या व्यवहाराने मालकी हस्तांतरित होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. मूळ बैठ्या घरावर परवानगीवाचून चढविलेले मजले हाही धोक्याचा विषय आहे. वरच्या मजल्यावरील खोली भाड्याने घेणाऱ्यानेही त्याची चौकशी करावी.

कसोटी सहावी : गावाकडची वाट

जावळीचा माणूस शहरात राहिला तरी त्याचा एक पाय गावात असतो. यात्रा, लावणी-कापणी, लग्नकार्य आणि सुखदुःख यांसाठी त्याला वर्षातून अनेक वेळा गावी जावे लागते. साताऱ्याकडे जाणाऱ्या बसगाड्या शीव-पनवेल मार्गावरून वाशी, नेरूळ व कळंबोली या बाजूने जातात. त्यामुळे कामोठे-कळंबोली भागात राहणाऱ्यास गावची गाडी जवळ पडते. ऐरोली किंवा घणसोली येथून निघणाऱ्यास आधी महामार्ग गाठावा लागतो. वृद्ध आईवडील गावी असलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने हा फरक क्षुल्लक नव्हे.

गाववाल्यांचे सान्निध्य हाही याच कसोटीचा भाग होय. अडचणीच्या वेळी मदत, मुलांकडे लक्ष, विवाहसंबंध आणि नव्या कामाची माहिती या गोष्टी शेजारातून मिळतात. मात्र केवळ गाववाले आहेत म्हणून बेकायदा इमारतीत किंवा कामापासून फार दूर घर घेणे शहाणपणाचे ठरत नाही. गावकीचा आधार रविवारच्या भेटीतूनही टिकविता येतो. झोप आणि सुरक्षितता यांची भरपाई रविवारी होत नाही.

सर्व कसोट्या एकत्र पाहता

या सहा कसोट्या लावल्या असता कोणतीही वसाहत सर्वगुणसंपन्न आढळत नाही. तुर्भे, सानपाडा व जुईनगर बाजाराला जवळ. पण तेथे जागा महाग किंवा अतिशय लहान. कोपरखैरणे येथे बाजार, रुग्णालय व गाववाले तिन्ही जवळ. पण दाट वस्ती आणि वाढीव मजल्यांचा प्रश्न मोठा. घणसोली व ऐरोली येथे ठाण्याची बाजू सोयीची. पण गावची वाट लांबची. कामोठे व कळंबोली गावच्या वाटेवर आणि लोखंड बाजाराजवळ. पण पाण्याची अडचण आणि तुर्भ्याच्या रात्रपाळीस गैरसोय. म्हणून ‘चांगली वसाहत कोणती’ असे न विचारता ‘या कामाला, या कुटुंबाला आणि या मिळकतीला कोणती वसाहत मानवेल’ असे विचारावे.

हाच विचार इतर शहरांनाही लागू पडतो. जावळीतील अनेक तरुण आता पुणे व पिंपरी-चिंचवड येथे जातात. काही जण साताऱ्यातच काम शोधतात. मेढा ते सातारा हे अंतर सुमारे २५ किलोमीटरचे असल्याने दिवसपाळीचे काम असणाऱ्यास घर न हलविता ये-जा करणे शक्य होते. साताऱ्यात राहावयाचेच झाल्यास शाहूपुरी, विलासपूर यांसारख्या उपनगरांचा विचार होतो. हे भाग २०२० साली नगरपालिकेच्या हद्दीत घेण्यात आले. हद्दीत येणे आणि पाणी, गटारे व रस्ते प्रत्यक्ष मिळणे यांत काही काळ जातो, हे ध्यानात ठेवून तेथेही गल्लीनिहाय चौकशी करावी लागते.

ग्रामपंचायत व शाळा यांचे कार्य

स्थलांतर थांबविणे कोणत्याही एका ग्रामपंचायतीच्या हाती नाही. परंतु ते डोळस करणे तिच्या हाती आहे. बाहेरगावी असलेल्या ग्रामस्थांची एक नोंदवही प्रत्येक ग्रामपंचायतीने ठेवावी. कोण कोठे राहतो, कोणत्या कामावर आहे आणि नव्याने येणाऱ्यास माहिती देण्याची त्याची तयारी आहे काय, एवढ्या नोंदी त्या-त्या व्यक्तीच्या संमतीने केल्या तरी पुढील तरुणाची पुष्कळ वणवण वाचेल. गावी आलेल्या स्थलांतरितांची यात्रेच्या वेळी एक बैठक घेऊन घरभाडे, पाणी, शाळा आणि फसवणुकीचे प्रकार यांची माहिती देता येईल.

शिधापत्रिकेवरील धान्य आता देशात कोठेही घेण्याची सोय झाली आहे. कुटुंबातील काही माणसे गावी आणि काही शहरात असल्यास आपापल्या वाट्याचे धान्य दोन्हीकडे घेता येते. ग्रामपंचायत सदस्यांनी ही माहिती जाणाऱ्या कुटुंबास आवर्जून द्यावी. सातबारा उतारा व गावातील घराची नोंद अद्ययावत करून जाण्याचा सल्लाही द्यावा. कारण वारसनोंदी राहून गेल्यामुळे पुढे गावची जमीन वादात सापडते आणि शहरातील घरासाठी तिचा आधार घेता येत नाही.

शिक्षकांचे कार्य याहून नाजूक आहे. पालक गाव सोडणार असल्याचे प्रथम मुलांच्या बोलण्यातून कळते. अशा वेळी दाखला, प्रगतिपत्रक आणि आधार क्रमांकाची नोंद वेळेवर देणे, नव्या गावातील शाळेची चौकशी करण्यास पालकास सांगणे आणि शक्य झाल्यास त्या शाळेच्या मुख्याध्यापकांशी दूरध्वनीवर बोलणे, एवढ्याने त्या मुलाचे शिक्षण अखंड राहू शकते. वरच्या वर्गांत घरखर्चाचे गणित शिकविताना जवळचे घर आणि दूरचे घर यांची वजाबाकी मुलांकडून करवून घेता येईल. ज्या तालुक्यातील बहुतेक मुलांना उद्या हा निर्णय घ्यावाच लागणार आहे, तेथे हे गणित पाठ्यपुस्तकाबाहेरचे मानण्याचे कारण नाही.

गावकीच्या खोलीने एका पिढीला कामाजवळचा आसरा दिला, पण कुटुंबापासून दूर ठेवले. खाडीपलीकडील वसाहतींनी पुढील पिढीला कुटुंबासह राहण्याची संधी दिली, पण कागदपत्रे, पाणी आणि प्रवास यांचे नवे प्रश्न तिच्यापुढे ठेवले. आता गाव सोडणाऱ्या तरुणाजवळ आधीच्या दोन्ही पिढ्यांचा अनुभव आहे. तो अनुभव मेढ्याच्या बसस्थानकावर गाडीत बसण्यापूर्वीच त्याच्या हाती पडला, तर ‘तेथे गेल्यावर पाहू’ असे म्हणण्याची पाळी त्याच्यावर येणार नाही.